दिवे लागेपर्यंत

ऐक. फक्त ऐक, केतकी, मध्ये काही बोलू नकोस, कारण तू मध्ये बोललीस तर मी थांबेन, आणि एकदा थांबले की परत सुरू नाही व्हायची. काल आपण तिघी जेवायला बसलो होतो, आणि तू समोर बसलेल्या शाल्मलीकडे बोट दाखवून म्हणालीस, "चार दिवस झाले ब्रेकअपला, बाई अजून रडली नाहीये. लेटन्ट पिरियड चाललाय तिचा." तुम्ही दोघी खिदळलात आणि मी अर्धी पोळी ताटात टाकून उठले. तुला वाटलं मी चिडले. चिडले नव्हते गं. तो जोक मुळात माझाच आहे. मीच आणला तो या फ्लॅटमध्ये, कोल्हापूरहून, बी.फार्मच्या हॉस्टेलवरून.

थर्ड इयरला आम्हाला विषशास्त्र होतं. पोतनीस सर. फळ्यावर दोन टिंबं काढायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये लांब रेघ. म्हणायचे, हे टिंब म्हणजे विष पोटात गेलं ती वेळ, आणि हे टिंब म्हणजे पहिलं लक्षण दिसलं ती वेळ. मधली रेघ म्हणजे लेटन्ट पिरियड. "जे विष लगेच ओकायला लावतं ते सज्जन. रेघ जितकी लांब तितकं पाजी." झालं, आम्हाला खेळणंच मिळालं. मेसची उसळ खाल्ल्यापासून बाथरूमला पळेपर्यंत, लेटन्ट पिरियड. पेपर दिल्यापासून निकाल लागेपर्यंत, लेटन्ट पिरियड. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी मला हाच प्रश्न विचारला आणि मी एका दमात सगळं म्हणून टाकलं, तर ते हसून म्हणाले, पुढची पाठवा.

ती परीक्षा झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. श्रावण होता. आमचं घाडीवाडीचं घर तुला माहीतच आहे, फोटो दाखवलेत मी, कुडाळपासून पुढे आत. निघायच्या आदल्या दिवशी फोन केला होता चंद्री आतेला. बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तशी परत आली ती कायमची. मला तिनेच वाढवलं, आई अंगणवाडीत जायची म्हणून. मी फोनवर म्हटलं, "आते, अळमी करून ठेव हं, नाहीतर मी येतच नाही."

अळमी म्हणजे मशरूम, आमच्याकडची, रानातली. श्रावणात मटण-मासे बंद, तेव्हा अळम्यांचं सुकं म्हणजे चोरून मटण खाल्ल्यासारखंच. आणि अळमी म्हटली की चंद्री आते. अख्ख्या वाडीत कुणाला अळमी मिळाली की टोपली आधी आमच्या पडवीत यायची. "चंद्रीक दाखयलंस?" असं एकमेकींना विचारायच्या बायका, आपण एक्स्पायरी बघतो ना पाकिटावर, तसं. ती एकेक उचलायची, उलटी करायची, वास घ्यायची, आणि दोन ढीग करायची. मग शिजवताना भांड्यात चांदीचा जुना रुपया टाकायचा. काळा पडला तर भांड्यासकट फेकायचं. आणि एवढ्यावर तिचं भागायचं नाही. शेवटची परीक्षा ती स्वतःवर करायची. दुपारी ती एकटी जेवायची, आणि बाकी सगळ्यांची भांडी झाकून ठेवलेली. दिवे लागेपर्यंत थांबायचं. दिवे लागले की शेजारची गुलाबकाकी कुंपणाशी येऊन ओरडायची, "चंद्रे, जित्ती आसंस मां?" आणि आते पडवीतून ओरडायची, "जित्ती आसंय! जेवा!" मग सगळ्या घरांतून ताटांचे आवाज. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात असंच जेवतात.

तर मी पोचले सातच्या सुमाराला. फोंडा घाटात एसटीने अशी घुसळून काढली होती ना, पोटात नुसतं डचमळत होतं, त्यात कुडाळ स्टँडवर भूक भूक म्हणून भजी खाल्लेली. आते दारात उभीच.

"इलंस गो वृंदा? मेले, किती वाळलंस! हॉस्टेलात माती घालतत काय खाऊक?"

"आते, वास कसला येतोय?"

"तूच सांग."

मी चपला काढायच्या आधी चुलीपाशी. भाजक्या खोबऱ्याचं काळं वाटप, वर तेल सुटलेलं. ती सांगायला लागली, की यंदा अळमी मिळतात कुठे? खालच्या भरड माळावरची वारुळं, जिथे ती पंचवीस वर्षं जायची, ती जेसीबीने उकरून नेली, रस्त्याच्या भरावाला. तीन दिवस हिंडली बिचारी. शेवटी वर नव्या लागवडीत, त्या परदेशी झाडांखाली मिळाली. "धवी फटफटीत, बघ, जशी आपली तशीच. ओंजळभर मिळाली. वाडीक पुरवची नाय, म्हटलां माझ्या चेडवाक पुरे." चेडू म्हणजे मी, तिची पोरगी.

आई मामाकडे मालवणला गेलेली, बाबा वस्तीची गाडी घेऊन बाहेर. कंडक्टर आहेत ना, रात्री त्या गावीच झोपायचं आणि सकाळी गाडी परत आणायची. म्हणजे घरात आम्ही दोघीच. दिवे लागलेले होतेच. गुलाबकाकीने कुंपणावरून सवयीने हाक मारली, "चंद्रे, जित्ती आसंस मां?"

"जित्ती आसंय! पण तुका नाय गो आज, भाचयेक फक्त!"

"जळला तुझां भाचीप्रेम! रुपयो तरी चाटूक दी!"

आम्ही तिघी हसलो. आतेने ताट वाढलं. ती दुपारी एक वाजता पोटभर जेवली होती, आता परत थोडी घेऊन बसली. मी दोन फोडी खाल्ल्या. दोनच. घशाखाली उतरेना, घाट अजून पोटात फिरत होता. आते रुसली. "एवढी पायपीट केलंय ती कोणासाठी?" मी म्हटलं, उद्या सकाळी घावण्यांबरोबर खाते, ठेव. तिने झाकून ठेवलं.

पहाटे पाचला मी जागी झाले ते आवाजाने. आते न्हाणीत. उलट्या, जुलाब, एकामागून एक, भिंतीला धरून उभी. मी पाणी दिलं, मीठ-साखर घालून दिलं, ते पण बाहेर. साडेसहापर्यंत ती उभी राहीना. मी गुलाबकाकीच्या दिराला उठवलं, त्याची रिक्षा आहे, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात निघालो. तो पुढे गाडी हाकतोय, मी मागे, आतेचं डोकं माझ्या मांडीवर. तिने माझा हात धरला. इतका घट्ट, की बांगडीचा वळ उठला.

"वृंदा, अळमी म्हणा नको."

"काय?"

"डॉक्टरणीन इचारल्यान तर अळमी म्हणा नको. माझी शपथ आसा तुका."

"आते, पण कशामुळे झालं ते सांगायला नको?"

ती पुढे रिक्षावाल्याकडे बघून एकदम हळू आवाजात म्हणाली, "पंचवीस वर्सां भावाच्या ताटात जेवतंय मी. ह्या घरात माझां म्हणान काय आसा गो? लुगडां वयनीन दिलेलां, बांगडी भावान दिलेली. एकच माझां. चंद्रीन बरी म्हटल्यान म्हणजे बरी. तां जाऊक नको. गळ्याक हात लाय माझ्या."

मी लावला. विसाव्या वर्षी माणूस लावतो गं. रिक्षा खड्ड्यातून उडत होती आणि माझा हात तिच्या गळ्यावर.

डॉक्टर तरुण होत्या, आपल्याएवढ्याच असतील आत्ताच्या. सलाईन लावलं. केसपेपर पुढे ओढला.

"काय खाल्लं होतं?"

आते माझ्याकडे बघत होती.

"भजी," मी म्हटलं. "मी स्टँडवरून आणली होती."

"किती वाजता खाल्ली?"

"रात्री. साडेआठ."

त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. "आणि सुरू झालं पाचला? भजीला जरा उशीरच झाला की. त्याच्या आधी काही? दुपारी? मासे, रानभाजी, अळंबी वगैरे?"

त्या असं म्हणाल्या. त्या शब्दासकट. आणि आते एवढी गळालेली, तरी उशीवरून मान उचलून म्हणाली, "पेज. पेज आणि लोणचां."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.

केतकी, त्यांनी विचारलं "किती वाजता", तेव्हा त्या फळ्यावरची रेघच मागत होत्या माझ्याकडे. एक टिंब त्यांच्याकडे होतं, पहाटे पाच. दुसरं माझ्याकडे होतं, दुपारी एक. सोळा तास. मी त्यांना साडेआठ दिलं.

अकराच्या सुमाराला मला पण सुरू झालं. मी वॉर्डच्या टोकाच्या बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडून ओकले, म्हणजे आतेला ऐकू जायला नको. तीनदा. तोंड धुऊन, ओढणी नीट करून परत येऊन बसले. ती म्हणाली, "तुका बरां वाटता मां?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीये?" तेवढ्यात बाबा आले, स्टँडवरून थेट, गळ्यात अजून तिकिटाची मशीन. येताच बहिणीवर ओरडले, कारण बाबांना काळजी वाटली की ते ओरडतात.

"वृंदान भजी आणल्यान म्हणान तू खाऊक होयी? साठीक इलंस आता!"

"बावग्या, माका बोल, चेडवाक बोला नको," आते म्हणाली. "भजी बरी होती."

ती भजी तिने बघितलीसुद्धा नव्हती. आणि माझी बाजू घेत होती.

संध्याकाळपर्यंत थांबलं. रात्री शांत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसली आणि नर्सला विचारलं, चाय गावात काय, म्हणजे चहा मिळेल का? डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, हसल्या, म्हणाल्या, आजी, ठणठणीत की. घरी पाठवलं. केसपेपरवर खाली त्यांचा मोबाईल नंबर लिहून दिला, काही वाटलं तर फोन करा म्हणून.

आणि तो दिवस, केतकी. तो दिवस मी काय सांगू तुला. ऊन पडलं होतं श्रावणातलं, पिवळं, धुतलेलं. आते घरी आली ती न्हायली, केस मोकळे सोडून पडवीत बसली. नको नको म्हणताना घावणे घातले. झाकून ठेवलेलं अळम्यांचं भांडं तिने मागच्या दारी नेलं, खड्डा खणला, पुरलं, वर धोंडा ठेवला. बाबा तेव्हा ड्युटीला गेलेले. गुलाबकाकी कुंपणावरून, "काय गो, भजी खाऊन मरत होतंस म्हणतत? अळमी पचतत आणि भजी पचत नाय?" आणि आते हसत, "वय झालां गो! आता भाकरी पण उकडून खावक होयी!" मला पण बरं वाटत होतं. मी म्हटलं, सुटलो. खरंच वाटलं तसं. दुपारभर ती मला माझ्या लहानपणीचं सांगत होती, मी कशी टोपलीतली सगळ्यात मोठी अळमी डोक्यावर धरून छत्री म्हणून फिरायचे.

संध्याकाळी मी पडवीच्या पायरीवर पुस्तक काढून बसले. ती वाती करत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "काय वाचतंस?"

"अभ्यास."

"तुझ्या त्या बुकात अळम्यांचा काय लिवलेला आसा काय?"

मी पानावर बोट ठेवलं. तिने हातातली वात खाली ठेवली.

"आसा मां? माका वाचून दाखय."

"इंग्रजीत आहे आते."

"मगे मराठीत सांग. माका काय अक्कल नाय काय?"

मग मी सांगितलं. लेटन्ट पिरियड. मी सरांसारखी खाली मातीत दोन टिंबं काढली काडीने, आणि मध्ये रेघ. म्हटलं, इथे विष पोटात जातं. इथे कळतं. मधला वेळ ते गप बसतं. माणसाला काही होत नाही, हसतो, बोलतो, काम करतो.

ती रेघेवर वाकली.

"किती वेळ गप बसता?"

"काही विषं पाच मिनिटं."

"अळम्यांचां सांग."

"साध्या वाईट अळम्या दोन-तीन तासांत कळतात. पण जी खरी वाईट असते ना, ती... सहा तास. बारा. कधी सोळा."

तिने बोटं मोजली. अंगठ्याने एकेका पेरावर. दुपारी एकपासून दिवे लागेपर्यंत. सहा पेरांवर येऊन अंगठा थांबला. माझी परीक्षा झाली होती तोंडी, सगळी म्हणून दाखवली होती मी, आणि हे गणित माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं. शाळेत दुसरीतच नापास झालेल्या बाईच्या.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी ओरडतंय जित्ती आसंय, तेव्हा तां आत गप बसलेलां आसता."

"आते, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. तुझे डोळे चांगले म्हणून."

"तां नशीब गो. डोळे खंय? डोळे तर परवा पण होते." कनवटीला लावलेला रुपया तिने काढला, हातावर ठेवला. पांढरास्वच्छ. "ह्यो पण खोटां बोललो." आणि मग एकदम माझ्याकडे वळली, "तू किती खाल्लंस?"

"दोन फोडी."

"तुका उलटी झाली?"

"नाही."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"नाही गं आते."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात वातीच्या तेलाने बुळबुळीत. मग हळूच पायाने मातीतली रेघ पुसायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली.

"वृंदा. माका कालपासून बरां वाटता. सगळां थांबलां. तां गेलां काय, का आता परत गप बसलां हा?"

मांडीवर पुस्तक. ओढणीच्या गाठीत तो केसपेपर, त्यावर नंबर. माझा फोन तिच्या शेजारी तुळशीच्या कट्ट्यावर.

मी म्हटलं, "नाही आते. गेलं ते."

ती म्हणाली, "मगे बरां. मगे कोणाक काय सांगूची गरज नाय." उठली, आणि दिवा लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप उचलला तेव्हा मी तिचे डोळे पाहिले. हळदीसारखे. बाबा अंगणात दाढी करत होते. मी अंगणात गेले आणि बाबांना सगळं सांगितलं, तिथेच, साबण लावलेल्या गालाचे बाबा, अळमी, एक वाजता, शपथ, भजी, सगळं एका दमात, परीक्षेसारखं. बाबांनी वस्तरा धुतला. डबीत ठेवला. आणि गाडी बघायला पळाले.

गोव्याला नेलं मोठ्या हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, किती वाजता खाल्लं. या वेळी मी खरं सांगितलं. ते रिपोर्ट बघत म्हणाले, लिव्हर जवळजवळ गेलंय. माझ्याही रक्ताच्या तपासण्या केल्या, मला दोन दिवस ठेवलं तिथेच. दोन फोडी होत्या म्हणून निभावले. ते बाबांना म्हणाले, "पहिल्या दिवशी कळलं असतं तर..." आणि थांबले.

"तर काय?" बाबा म्हणाले.

"सांगता येत नाही."

बाबांनी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. सांगता येत नाही. मला तेवढंच मिळालंय, केतकी. पाच वर्षं मी त्याच तीन शब्दांवर झोपते.

पाचव्या दिवशी आते भ्रमात गेली होती. आयसीयूत मला पाच मिनिटं सोडलं. दुपारचे बारा-साडेबारा असतील. पांढऱ्या ट्यूबलाइटी. तिने डोळे उघडले, मला ओळखलं की नाही माहीत नाही, पण हात शोधत होती. मी दिला.

"दिवे लागले काय गो?"

मला कळलंच नाही आधी.

"चेडू जेवलां हा. दिवे लागूक होये. लागले काय?"

ती थांबली होती गं. माझ्यासाठी थांबली होती, दिवे लागेपर्यंत, मी जगते की नाही बघायला.

मी म्हटलं, "लागले आते. जित्ती आसंय मी."

"मगे जेवा," ती म्हणाली. संध्याकाळी गेली.

वाडीत सांगितलं कावीळ झाली. बाबांनीच ठरवलं. तेराव्याला म्हणाले, "ती मागत होती तां एकच. तितक्यां तरी रवांदे तिचां." मी मान हलवली, परत. आणि चार वर्षं गेली. मग गेल्या श्रावणात मी घरी गेले, तर गुलाबकाकीची नवी सून पडवीत बसलेली, पुढे टोपली, भांड्यात रुपया. दुपारी एकटी जेवलेली. मला म्हणते, "चंद्रीआतेची रीत हा ताई, सासूबाईंनी शिकवली. आता दिवे लागेपर्यंत थांबायचं." पोट बघितलं मी तिचं. सातवा महिना असेल.

मी सांगितलं. तिथल्या तिथे, कुंपणाजवळ, अख्ख्या वाडीसमोर. कावीळ नव्हती म्हणून. त्या टोपलीत काही वाईट नव्हतं म्हणे, त्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्लं तरी कुणाला काही झालं नाही. पण आता वाडीत कुणी ती रीत करत नाही. आणि चंद्रीचं नाव निघालं की गुलाबकाकी, जी कुंपणावरून हाक मारायची तिला, ती म्हणते, "बाय माझे, इतकी वर्सां तिच्या हाताक आमी जीव दिलो, नशिबान वाचलो." बाबा माझ्याशी वर्षभर बोललेले नाहीत. फोन आईच उचलते. मागे बातम्यांचा आवाज येतो, म्हणजे बाबा तिथेच असतात.

हे सगळं सांगायचं नव्हतं मला. एकच सांगायचं होतं. त्या संध्याकाळी पायरीवर, ती विचारायच्या आधी, मी पुढचं पान वाचलं होतं. सरांनी ते शिकवलं नव्हतं, पेपरला नव्हतं, लहान अक्षरात होतं खाली. की अळम्यांच्या विषात पहिल्या उलट्या थांबल्यावर एक-दोन दिवस माणसाला एकदम बरं वाटतं. भूक लागते, चहा मागतो. आणि त्याच वेळात आत लिव्हर जात असतं. ते वाचून झालं होतं माझं. बोट त्याच ओळीवर होतं. आणि समोर ती बसलेली, मोकळे केस, वातीचा हात, अंगठा सहाव्या पेरावर. मी खरं सांगितलं असतं तर तिला तिथेच कळलं असतं की तिने मला काय वाढलं. आणि नाही सांगितलं तर निदान त्या एका संध्याकाळी ती फक्त बरी झालेली बाई होती.

ती विचारतेय, केतकी. डोळ्यांत बघून विचारतेय, तां गेलां काय, का परत गप बसलां हा?

बोल आता. तू काय केलं असतंस?